हबसाणात गेलेला आजा

"आजा हबसाणात गेला आणि चांदी घेऊन आला." आमच्या घरात हे एवढंच वाक्य चालत आलं होतं. त्याच्या पुढेही काही नव्हतं आणि मागेही.

या वाक्याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही, कारण हबसाण आम्हाला रोज दिसायचं. आमचं गाव मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीच्या अलीकडे. वरच्या सड्यावर उभं राहिलं की बाणकोटची खाडी दिसते आणि पलीकडे श्रीवर्धनचे डोंगर. तो सारा मुलूख एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दीचा. हबशाचं राज्य म्हणून जुनी माणसं त्याला हबसाणच म्हणत. तरीत बसायचं, पलीकडे उतरायचं, की आलं हबसाण. आजा तिकडे कुठल्यातरी चाकरीला गेला असेल आणि थोडी चांदी गाठीला लावून परत आला असेल, अशी माझ्या वडिलांची समजूत होती. माझीही तीच.

ती चांदी माझ्या आत्याकडे आहे. आत्या आता चौऱ्याऐंशीची, गावच्या घरात एकटी राहते. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच सलग पंधरा दिवस तिच्याकडे राहायला गेले. एका दुपारी मी म्हटलं, "आत्ये, ती चांदी दाखव की." तिने पानाचा जुना पितळी डबा काढला. आत लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक चकती होती, मोठ्या नाण्याएवढी. वर लहानसा मुकुट, त्याला कडी, कडीत काळा दोरा. एका बाजूला नऊ टोकांची चांदणी आणि तिच्या मधोमध डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईचा मुखवटा.

"ही कोण गो?" मी विचारलं.

"आम्ही देवीच म्हणायचो," आत्या म्हणाली. "देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत असायची. खंडोबा, काळकाई, बहिरी, आणि ही."

मग तिने जे सांगितलं ते मी साठ वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. छप्पन साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या वाडीनेही घेतली. त्या वेळी घराघरांतले देव गोळा करून नदीत सोडले. आत्या तेव्हा सोळा वर्षांची. आमच्या घरचे टाक टोपलीत भरले, आजोबांनी टोपली उचलली, आणि आजीने टोपलीत हात घालून ही एक चकती बाहेर काढली. आजोबा रागावले. माणसं बघत होती. आजी म्हणाली, "ह्यो देव नाय. ह्यो आजा हाय आपला." आणि पदरात बांधून ती घरात निघून गेली.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे देव नसून माणूस आहे, हे तिला तिच्या सासूने सांगितलं असणार. एवढी एक गोष्ट त्या बायकांनी तोंडातोंडी सांभाळली होती.

मी चष्मा लावून बघायला लागले. चांदणीच्या टोकांमधल्या जागांत एकेक इंग्रजी अक्षर होतं. नऊ जागा, नऊ अक्षरं. पण गोलात लिहिलेलं वाचायला सुरुवात कुठून करायची? मी आधी भलतीकडूनच लागले: एस, एस, आय, एन, आय, ए, ए, बी, वाय. काही अर्थ लागेना. मग मुकुट वर धरून वरच्या जागेपासून लागले, तेव्हा अ‍ॅबिसिनिया झालं. म्हणजे आजचा इथिओपिया. हबश देश. ज्या देशावरून हबशी हा शब्द आला आणि मग पलीकडच्या किनाऱ्याला हबसाण हे नाव पडलं, तोच तो मूळचा हबसाण.

म्हणजे वाक्य खरं होतं. आम्ही त्याला खाडीच्या पलीकडे उतरवलं होतं आणि तो समुद्राच्या पलीकडे गेला होता.

चकती उलटी केली. मागे पानांच्या वेलाचं कडं आणि त्याच्या आत काही ओळी. ही चकती म्हणजे अ‍ॅबिसिनियाच्या लढाईचं पदक, आणि त्याचं हे वेगळेपण मला नंतर कळलं. लढाईच्या इतर पदकांवर शिपायाचं नाव कडेला, जाडीवर बारीक अक्षरांत असतं. अ‍ॅबिसिनियाच्या पदकावर ते पाठीवर मधोमध आहे, दर माणसागणिक वेगळं घातलेलं. पण आमच्या चकतीवर त्या ओळी जवळजवळ सपाट झाल्या होत्या. वाचता आला तो फक्त १० हा आकडा आणि त्यापुढे एन. आय. ही दोन अक्षरं.

इथून पुढे दोन वर्षं गेली. त्यातली बरीचशी अशा ठिकाणी गेली जिथे काही मिळालं नाही, पण एकदोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे नाव वाचण्याची. मला एका नाणी जमवणाऱ्या गृहस्थांनी बजावलं की पदक काही लावून घासू नका, जे आहे तेही जाईल. त्यांनीच दाखवलं तसं खोली अंधारी करून, टॉर्च टेबलाला टेकवून, आडवा उजेड पाडून मी रात्री बसले. सरळ उजेडात जे दिसत नाही ते आडव्या उजेडात सावली धरतं. पदक थोडं थोडं फिरवायचं आणि दर वेळी जे दिसेल ते कागदावर उतरवायचं. चार रात्रींनी दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीन अक्षरं नक्की झाली: एन, ए, के. त्याच्या आधी पाच-सहा अक्षरांची जागा, आणि तिथे नुसती गुळगुळीत चांदी.

नाक.

हे वाचलं तेव्हा मी टॉर्च बंद करून तशीच बसून राहिले. एक जानेवारीला भीमा कोरेगावला मी लहानपणापासून जाते. तिथल्या विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं आहेत आणि त्यांतल्या आपल्या माणसांच्या नावांच्या शेवटी हेच नाक आहे. तेव्हाच्या महार पुरुषांची नावं अशीच असत. फौजेच्या कारकुनाने ती कानाला ऐकू आली तशी लिहून घेतली. त्या स्तंभापुढे इतकी वर्षं मान वाकवली, पण आपल्याच घरातल्या पानाच्या डब्यात तसलं एक नाव पडून आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता पलटण कळली होती: बाँबे आर्मीची दहावी नेटिव्ह इन्फंट्री, म्हणजे हिंदी शिपायांची पायदळ पलटण. ही पलटण १७९७ मधली. १९०३ मध्ये मुंबईकडच्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले तेव्हा ती एकशे दहावी झाली, पुढे मराठा पलटणींत गेली, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याची दुसरी पॅरा बटालियन झाली. पलटणीचा वंश असा सरळ लागतो. शिपायाचा लागत नाही.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे मी ओळखपत्र देऊन, अर्ज भरून, रोज सकाळची लोकल पकडून जाऊ लागले. तिथे कुणाच्या नावाने शोधता येत नाही. खातं आणि साल यांच्या सूचीतून अंदाज बांधायचा, चिठ्ठी द्यायची, बासन येईपर्यंत थांबायचं. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना श्वास रोखावा लागतो. लष्करी खात्याच्या १८६७-६८ च्या कागदांत अ‍ॅबिसिनियावर गेलेल्या मोहिमेबद्दल पुष्कळ आहे. जहाजांची भाडी, खेचरांची खरेदी, साहेबांच्या नेमणुका आणि रजा. सुभेदार-जमादारांची नावं आर्मी लिस्टमध्ये छापून येत, तीही सापडतात. शिपाई मात्र नुसता आकडा. इतके गेले, इतके आले, इतके आजारी.

लंडनला इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे, तिथे माझ्या भाचीच्या मैत्रिणीने चौकशी केली. कंपनीच्या गोऱ्या शिपायांच्या वर्षावर्षाच्या नावनिशीवार याद्या तिथे आहेत. गाव, वय, जहाजाचं नाव, सगळं. त्यांचे खापरपणतू घरबसल्या आपला आजा शोधून काढतात. हिंदी शिपायाचा तपशील ज्याच्या त्याच्या पलटणीच्या दफ्तरात राही, आणि ती दफ्तरं फारशी टिकली नाहीत. मला याचा राग आला आणि अजून आहे. दोघांनीही त्याच राणीची चाकरी केली होती.

मग मी मोहिमेकडे वळले. माणूस सापडत नसेल तर निदान तो कुठे उभा होता ती जमीन तरी समजून घ्यावी, म्हणून.

इथिओपियाचा बादशहा थिओडोर, तिकडचं नाव तेवोद्रोस. त्याने राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने इंग्रजांचे राजदूत आणि पाद्री कैद करून ठेवले. त्यांना सोडवायला जी फौज निघाली ती मुख्यतः मुंबईहून निघाली. सेनापती होते सर रॉबर्ट नेपियर, तेव्हाचे बाँबे आर्मीचे सरसेनापती. सुमारे १३,००० सैनिक, त्यांत बहुसंख्य हिंदी. त्याशिवाय हमाल, खेचरवाले, पाणके, आणि मुंबईहून जहाजात चढवलेले ४४ हत्ती. दहावी पलटण आघाडीच्या तुकडीत होती. ऑक्टोबर १८६७ च्या अखेरीस ही तुकडी तांबड्या समुद्राच्या काठी झुला नावाच्या उघड्या किनाऱ्यावर उतरली.

झुलाबद्दल मी वाचत गेले आणि मला दुसरं काही सुचेना. तिथे पाणी नव्हतं. वाळू, ऊन आणि खारं पाणी. आगबोटींवरच्या यंत्रांत समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून पिण्याचं पाणी करत आणि ते मापून वाटत. खेचरांना तेवढं पुरेना, ती दोर तोडून किनाऱ्यावर सैरावैरा पळत आणि मरत. मेलेल्या जनावरांची दुर्गंधी तळावर पसरलेली. तशात धक्का बांधायचा, डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वेचे रूळ टाकायचे, आणि पुढे खिंडीतल्या शिळा फोडून सेनाफेच्या पठारापर्यंत गाड्याची वाट काढायची. ही वाट सॅपर्सबरोबर, म्हणजे फौजेतल्या बांधकामाच्या तुकड्यांबरोबर, पायदळाच्या शिपायांनीही केली. गोऱ्या पलटणींना नव्या स्नायडर रायफली मिळाल्या होत्या. आपल्या शिपायांकडे तोंडाने ठासायच्या जुन्याच बंदुका. पगार महिना सात रुपये.

झुलाहून मगदाला सुमारे ४०० मैल, सगळे डोंगर. १० एप्रिल १८६८ ला आरोगीच्या मैदानात लढाई झाली आणि १३ एप्रिलला मगदाल्याचा किल्ला पडला. तेवोद्रोसने पिस्तुलाने स्वतःचा जीव घेतला. ते पिस्तूल राणी व्हिक्टोरियानेच त्याला भेट पाठवलेलं होतं. किल्ल्यातली हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधली भांडी इंग्रजांनी लुटून नेली आणि किल्ला जाळला. ती माघारी मिळावीत म्हणून इथिओपियाचे लोक आजही मागणी करतात. हे वाचताना माझा जीव दुभंगला. आमचा आजा दुसऱ्याच्या देशात दुसऱ्याच्या भांडणात गेला होता. तो कुणाचा शत्रू म्हणून गेला नव्हता, पोटासाठी गेला होता, तरी गेला होता हे खरं आहे आणि ते मी घरातल्या मुलांना तसंच सांगते.

पदक मगदाल्यापर्यंत गेलेल्यांना आणि झुलाच्या वाळूत पाणी मोजत राहिलेल्यांना सारखंच मिळालं.

राहिलं नाव. ते मला जिथे मिळालं तिथे शोधावं हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. इतर समाजातली माझी एक मैत्रीण आपल्या सात पिढ्या नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतून लिहून आली. आमच्यासाठी तसली वही कुणी ठेवली नाही. ज्या शहरात काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये आमच्या माणसांनी सत्याग्रह केला, तिथे आमच्या आज्या-पणज्यांची नावं कोण लिहून ठेवणार? मी तालुक्याच्या एका कचेरीत जुने कागद मागायला गेले तर वाळवीने गेले एवढंच उत्तर मिळालं. खोताच्या वेळच्या बोटखतात आमचं नाव लागण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे कसणाऱ्या कुळांची नोंद.

हे सगळं मी एका रविवारी माझ्या भावाला सांगत होते. तो ऐकता ऐकता उठला आणि कपाटातून एक फाइल घेऊन आला. त्याच्या मुलाच्या जातपडताळणीची. पंधरा वर्षांपूर्वी त्या दाखल्यासाठी त्याने किती खेटे घातले होते ते मला आठवतं. त्या फाइलीत गाव नमुना चौदाची, म्हणजे कोतवाल बुकाची एक नक्कल होती. आमच्या पणजोबांच्या मृत्यूची नोंद. मूळ मोडीत, सोबत देवनागरी लिप्यंतर. मयताचं नाव, जात, मरणाचं कारण ताप, आणि मयताच्या बापाचं नाव.

बापाचं, म्हणजे हबसाणात गेलेल्या त्या आजाचं, नाव पुरं होतं. शेवटी नाक.

मी ते इंग्रजीत जसं लिहिलं जाईल तसं लिहून पदकावरच्या मोकळ्या जागेवर मोजून बघितलं. सहा अक्षरं नाकच्या आधी. त्या रात्री पुन्हा टॉर्च लावला. काय असायला हवं ते आधी कळलं म्हणून डोळ्यांना ते दिसतंय की खरंच दिसतंय, याची मला धास्ती होती. म्हणून भाच्याला काही न सांगता बसवलं आणि कागदावर उतरवायला सांगितलं. त्याने तिसरं आणि पाचवं अक्षर तेच उतरवलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. गावच्या वतनाच्या जमिनीवरून वारसांचा दावा चालू आहे, त्यात ते यायला नको.

परत आल्यावर त्याचं काय झालं, याचा माग दापोलीपर्यंत जातो. दापोली कँप म्हणजे पेन्शनरांचं गाव. फौजेतून सुटलेले कोकणचे शिपाई तिथे राहत, पेन्शन घेत, मुलांना शिकवत. पलटणींतून शिपायांच्या मुलांसाठी शाळा असत, आणि गावच्या शाळेत ज्यांना दाराबाहेर बसवत त्यांच्या हातात तिथे पाटी मिळाली. आमच्याच मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ फौजेतल्याच शाळेत मुख्याध्यापक होते, आणि निवृत्तीनंतर ते कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं. त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव सांगायला नको. गोपाळबाबा वलंगकरही फौजेतलेच पेन्शनर, दापोलीतच बसून त्यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिलं.

आमच्या पणजोबांना दुसरी-तिसरीइतकं वाचता येत असे, हे आत्याला तिच्या वडिलांनी सांगितलेलं. ते बापाच्या मागोमाग भरती व्हायला गेले आणि परत आले. घरात त्याची गोष्ट एवढीच आहे की "तेव्हा आपल्याला घेत नव्हते." आता मला त्याचं साल लावता येतं. १८९२ च्या सुमाराला महारांची भरतीच बंद केली गेली. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नाहीत, असा नवा सिद्धांत वरिष्ठांनी काढला होता. ज्यांच्या बापांच्या छातीवर पदकं होती त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही लढणारे नव्हे. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये एकशे अकरावी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये बेळगावला. आमचे पणजोबा तोवर राहिले नव्हते. ते मुंबईला गोदीत गेले आणि तापाने गावी येऊन वारले. पदक विकलं असतं तर औषधाचे पैसे झाले असते, असं आत्या म्हणते. कुणी विकलं नाही.

मे महिन्यात मी गावी गेले ते सगळे कागद घेऊन. आत्याला ओटीवर बसवून पहिल्यापासून सांगितलं. जहाज, वाळू, हत्ती. ती मधेच थांबवून विचारत होती. हत्ती जहाजात कसे चढवले हे तिने दोनदा विचारलं. पाण्याचं सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "समिंदराचं पाणी उकळून?"

"हो. आणि मापून द्यायचे."

"सगळ्यांना तेच?"

"सगळ्या फौजेला तेच होतं आत्ये. दुसरं पाणीच नव्हतं."

तिने मान हलवली. आमच्या वाडीला गावच्या विहिरीवर जायची बंदी होती तेव्हाची ती आहे. पुढे काही बोलली नाही.

मग मी नाव वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा म्हणायला लावलं, तोंडात घोळवलं, आणि चकती हातात घेऊन पाठीवरून अंगठा फिरवला. "हितं होतं?" मी म्हटलं हो, इथेच, इतकी वर्षं घासून घासून गेलं.

आत्याचा अंगठा तिथेच थांबला. "दर दसऱ्याला टाक मीच घासायची," ती म्हणाली. "चिंच आणि राख. आई म्हणायची, लख्ख निघालं पाहिजे. बाय गो, माझ्याच हातानं गेलं काय त्याचं नाव?"

मी तिला सांगितलं की तिच्या आधी तिच्या आईने घासलं, त्याआधी आजीने, आणि त्या सगळ्यांनी घासलं म्हणूनच ते नदीत गेलं नाही. तिने ऐकलं. चकती चिंधीत गुंडाळायला घेतली, मग थांबली, चिंधी बाजूला टाकली आणि मला आतून कापूस आणायला सांगितला.